मनीचे घमेले

वाचकहो, घरातल्या मांजराने आपला नित्यविधी कोठे उरकावा, हा काय लेखाचा विषय झाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझ्याही मनात तो आला होता. परंतु संसारातील पुष्कळ मोठे प्रश्न अशाच लहान, चारचौघांत बोलण्यास संकोच वाटणाऱ्या गोष्टींच्या आडून घरात शिरतात. आमच्या घरी एका मांजरापायी विहिणी-विहिणींत रुसवा झाला, नवराबायकोत वाद झाला आणि माझ्या मनातील साठ वर्षांपूर्वीची एक जखम पुन्हा उघडी पडली. ती हकीकत सांगितली तर एखाद्या घरातील तंटा मिटेल आणि एखादे मुके जनावर बेघर होण्यापासून वाचेल, ह्या आशेने हे लिहीत आहे.

आमचे घराणे मूळचे विदर्भातले. रायपूर मध्यप्रांतात होते आणि तेथील कारभार नागपुराहून चालत असे, त्या काळी नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ मराठी कुटुंबे इकडे आली आणि बूढापारा, तात्यापारा अशा वस्त्यांतून स्थिरावली. त्यांतलेच आमचे एक. बूढापाऱ्यातील आमचे घर कौलारू होते. मागे परसू, परसात विहीर आणि पेरूचे एक जुने झाड. त्या घरात मांजर कोणी आणले नव्हते, ते असेच. तांदूळ जेथे तेथे उंदीर आणि उंदीर जेथे तेथे मांजर, हा क्रम फार पुरातन आहे. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. माणूस शेती करून धान्य साठवू लागला, तेव्हाच हा पाहुणा त्याच्या दाराशी आला असावा. आमच्या छत्तीसगडाला तर ‘धानाचा कटोरा’ म्हणतात. मग येथे मांजरांना काय तोटा?

त्या मांजराची सोय परसू करीत असे. परंतु पावसाळ्यात परसू चिखलाने भरले की माझी आई न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक फुटके घमेले ठेवी आणि त्यात चुलीतली थंड झालेली राख पसरी. मांजर त्यात जाई, पंजाने राख ओढून सारे झाकी आणि निमूट निघून जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल सारवण्यापूर्वी आई ते घमेले उकिरड्यावर रिकामे करी आणि त्यात नवी राख भरी. ‘शिळे घमेले मांजरालाही नको आणि माणसालाही नको’, असे ती म्हणे. ती फार शिकलेली नव्हती. पण ह्या वाक्यात केवढे शास्त्र होते, ते मला सत्तरी उलटल्यावर कळले.

काळ पालटला. बूढापाऱ्यातील घराच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही शंकरनगरच्या बाजूला चौथ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आलो. चूल गेली, तशी राखही गेली. परसू तर राहिलेच नाही. अशा ह्या घरी 2019 च्या पावसाळ्यात, जिन्याखाली भिजत बसलेले एक करड्या रंगाचे पिल्लू चिरंजीवांनी वर आणले. ‘दोन दिवस ठेवू’, असे ठरले. वाचकांपैकी ज्यांनी मांजर पाळले असेल, त्यांना ह्या दोन दिवसांचा अर्थ सांगावयास नको. तिचे नाव मनी ठेवले, आणि मनीचा मुक्काम कायमचा झाला.

आता परसू नाही, राख नाही. मग सोय काय? प्रथम आम्ही इमारतीच्या बागेतील माती आणली. पावसाळ्यात त्या मातीचा चिखल झाला आणि मनीच्या पावलांचे ठसे देवघरापर्यंत उमटू लागले. नंतर वर्तमानपत्राचे कपटे घातले. ते ओले होऊन तिच्या पायांना चिकटत. शेवटी दुकानातून मांजरांसाठी म्हणून मिळणारी मातीच्या खड्यांची पिशवी आणली.

ह्या खड्यांचा इतिहास मौजेचा आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचे एक गृहस्थ कारखान्यांना तेल शोषून घेणारी माती विकत असत. 1947 च्या हिवाळ्यात एका शेजारणीने त्यांच्याकडे मांजरासाठी वाळू मागितली. तोपर्यंत ती राखच वापरीत होती आणि राखेच्या पावलांनी तिचे घर काळे होत होते. लो ह्यांनी तिला वाळूऐवजी आपल्याकडील मातीचे दाणे दिले, ते तिला आवडले, आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. पुढे 1980 नंतरच्या दशकात बेंटोनाइट नावाच्या मातीचे खडे आले. ओल लागताच ही माती फुगते आणि तिचा घट्ट गोळा बनतो. तो झाऱ्याने उचलून टाकता येतो. आपल्या देशात ही माती कच्छ आणि राजस्थानात पुष्कळ सापडते. म्हणजे कोठे कच्छ आणि कोठे रायपूर! तेवढ्या अंतरावरून माती वाहून आणावयाची, ती मांजराने एकदा ओली करावयाची आणि आपण ती कचऱ्यात टाकावयाची, हा व्यवहार माझ्या गृहिणीच्या मनाला कधीच पटला नाही. शिवाय पिशवी जड, ओतताना धूळ उडे, आणि एकदा कामवालीने तो गोळा मोरीत टाकला, तेव्हा फुगलेल्या मातीने नळीच बंद झाली.

परंतु ह्याहून मोठा दोष निराळाच होता आणि तो मातीचा नसून माझा होता. त्या खड्यांना सुगंध होता. वास येत नाही म्हणून मी निश्चिंत राहू लागले. प्रथम पेटी रोज साफ होई, मग दिवसाआड, आणि पुढे पुढे तीन-तीन दिवस कोणी तिकडे फिरकत नसे.

अशातच 2023 मध्ये आमच्या सूनबाईंना दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला. नागपुराहून विहीणबाई भेटीला आल्या. त्यांनी मुलीची दृष्ट काढली, माझी ओटी भरली, आणि मग सोफ्यावर पसरलेल्या मनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘विहीणबाई, राग मानू नका, पण पोरीच्या पोटात बाळ असताना घरात मांजर? मांजरापासून पोटातल्या बाळाला अपाय होतो म्हणतात. हिला कोठेतरी सोडून या.’’

मला राग आला. मनीसाठी आला, तसाच आपल्या घरात येऊन दुसऱ्याने सांगावे ह्याचाही आला. ‘हे’ मात्र विहीणबाईंच्या बाजूचे. ‘‘एका मांजरासाठी नातवंडाचा जीव धोक्यात घालावयाचा काय?’’ असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर सुचेना. सूनबाई बिचारी मनीला मांडीवर घेऊन गप्प बसली होती. आमच्याकडे काम करणारी छत्तीसगढी बाई तेवढी बोलली, ‘‘बिलई घलो तो घर के लइका आय, दाई.’’ मांजरही घरचे लेकरूच आहे, असे तिचे म्हणणे. तिच्या त्या शब्दांनी माझे डोळे भरून आले. त्याचे कारण मी घरात कोणालाही कधी सांगितले नव्हते. ते येथे सांगते.

मी नऊ वर्षांची असताना आई बाळंतपणासाठी अमरावतीस माहेरी गेली होती. जाताना तिने मला बजावले होते, ‘‘मांजराचे घमेले रोज रिकामे करीत जा.’’ दोन-तीन दिवस मी केले. मग खेळण्याच्या नादात विसरले. आठवड्याभराने वडिलांना दिसले की, मांजराने तांदळाच्या कोठीत घाण केली आहे. मण दीड मण तांदूळ वाया गेला. त्या दिवसांत तांदळाची केवढी ओढाताण होती, हे तो काळ पाहिलेल्यांना ठाऊक आहे. वडिलांनी संतापून मांजर पोत्यात घातले, सायकलीला बांधले आणि महादेव घाटापलीकडे, खारून नदीच्या पल्याड सोडून आले. मांजर परत आले नाही. आई बाळाला घेऊन आली, तेव्हा तिने विचारले, ‘‘घमेले कोण पाहत होते?’’ मी काही बोलले नाही. दोष मांजरावर गेला, तो तसाच राहिला.

आता पुन्हा घरात बाळाची चाहूल होती, आणि पुन्हा घमेले शिळे होते.

दुसऱ्या दिवशी मी सूनबाईला घेऊन तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे समजावले, ते मी आपल्याला जसेच्या तसे सांगते. कारण अर्धवट माहितीने घाबरणाऱ्या घरांची संख्या थोडी नाही.

विहीणबाईंची भीती निराधार नव्हती. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाली, तर पोटातील बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा पोहोचू शकते. हा जीव 1908 पासून शास्त्रज्ञांना माहीत होता. परंतु मांजराच्या आतड्यात त्याची बीजे तयार होतात व विष्ठेवाटे बाहेर पडतात, हे 1970 च्या सुमारास सिद्ध झाले. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. एक, प्रत्येक मांजर सदासर्वदा ही बीजे टाकीत नाही. बहुधा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच टाकते. घरातच राहणाऱ्या, कच्चे मांस न खाणाऱ्या आणि उंदीर न मारणाऱ्या मांजराला लागण होण्याचा संभव फार कमी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही बीजे बाहेर पडतात त्या क्षणी रोग देऊ शकत नाहीत. ती पिकण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे धोका ताज्या घाणीत नसून शिळ्या घाणीत आहे!

हे ऐकताना माझ्या कानांत आईचे वाक्य घुमले. शिळे घमेले मांजरालाही नको आणि माणसालाही नको.

डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, ‘‘मांजर घालविण्याची गरज नाही. पेटीला सूनबाईंनी हात लावू नये. ती दुसऱ्या कोणीतरी रोज, न चुकता साफ करावी आणि हात साबणाने धुवावेत. आणि नुसत्या मांजराकडे बोट दाखवू नका. न धुतलेली भाजी, अर्धेकच्चे मांस आणि बागेतील माती ह्यांतूनही हा रोग येतो.’’ एक रक्ततपासणीही त्यांनी लिहून दिली.

घरी आल्यावर मी सर्वांसमक्ष कबूल केले की, पेटी तीन-तीन दिवस साफ होत नव्हती आणि चूक माझी होती. हे ऐकून ‘हे’ जरा वरमले व म्हणाले, ‘‘मग उद्यापासून ते काम माझे.’’ आयुष्यात स्वतःचे ताट न उचललेल्या गृहस्थाच्या तोंडून हे शब्द ऐकून सूनबाई आणि मी एकमेकींकडे पाहतच राहिलो.

काम ठरले, आता साधन बदलावयाचे होते. मातीची धूळ आणि सुगंध दोन्ही नकोत, असे माझे मत होते. तेव्हा चिरंजीवांनी लाकडी पेलेटची कल्पना काढली. परदेशात पुष्कळ लोक शेगडीत जाळण्यासाठी व घोड्यांच्या तबेल्यात पसरण्यासाठी केलेली ही पेलेट मांजरांच्या पेटीत वापरतात, असे ते म्हणाले. मला प्रथम वाटले की, ही काही तरी विलायती चैन असेल. पण पेलेट म्हणजे काय, तर दाबून बसविलेला लाकडाचा भुसा! आणि भुशाला रायपुरात काय तोटा? येथे लाकूड चिरण्याच्या गिरणीला आरा मिल म्हणतात आणि भुशाला बुरादा. सागवान आणि साल ह्यांच्या राज्यात बुराद्याचे ढीग पडतात.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून जवळच्या एका सुताराकडून पोतेभर मोकळा भुसाच आणविला. एका दिवसात मनीच्या शिंका आणि डोळ्यांतील पाणी पाहून माझा शहाणपणा उतरला. त्या भुशात सागवान होते, ज्याच्या भुकटीने काही माणसांच्या अंगालाही खाज सुटते. आणि प्लायवुडची भुकटीही होती, जिच्यात डिंकाची रसायने असतात. मोकळा भुसा उडतो, नाकात जातो, घरभर पसरतो. तो दाबून कांडीच्या रूपात का आणावा लागतो, हे तेव्हा समजले.

मग चिरंजीवांबरोबर मी उरला औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात गेले. तेथे कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी अशी पेलेट बनत होती. कोळशाऐवजी किंवा कोळशाबरोबर शेतातील व गिरणीतील टाकाऊ माल जाळण्याकडे अलीकडे कल वाढला आहे. केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयानेही 2021 मध्ये औष्णिक वीजकेंद्रांसाठी तसे धोरण जाहीर केले. कारखान्यातील यंत्र पाहून मला शेवेच्या सोऱ्याची आठवण झाली. सुकविलेला भुसा पोलादी चकतीच्या छिद्रांतून जबरदस्त दाबाने ढकलला जातो. त्या घर्षणाने तो इतका तापतो की, लाकडात मुळातच असलेले लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच भुशाला घट्ट धरून ठेवते. निराळा डिंक घालावा लागत नाही. बाहेर पडतात त्या सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत कांड्या, शाळेतील खडूच्या तुकड्यांसारख्या. ह्या कांड्या कोरड्या असल्याने ओल झपाट्याने पितात, फुगतात आणि पुन्हा मूळच्या भुशात मोडतात. मांजराच्या पेटीत त्यांचा उपयोग होतो, तो ह्याच गुणामुळे.

तेथील कारागीर प्रामाणिक होता. मी विचारले, ‘‘भैया, ह्यात काय काय आहे?’’ तो म्हणाला, भट्टीच्या मालात धानाचे तूस, भुईमुगाची टरफले, प्लायवुडचा चुरा, सर्व काही असते. तो मांजरासाठी नेऊ नका. निव्वळ लाकडाच्या भुशाची एक घाणी निराळी होती, तिच्यातलीच मी घेतली. वाचकहो, ही चौकशी अवश्य करा. मांजराचे यकृत आपल्यासारखे नाही. फिनॉल जातीची द्रव्ये त्याला नीट पचविता येत नाहीत. रंग, रोगण, डिंक, वाळवीचे औषध किंवा आग लवकर पेटावी म्हणून घातलेले तेल ज्यात असेल, तो माल कितीही स्वस्त मिळाला तरी नको. चीड-देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा भट्टीत चांगला वाळविलेला नसेल, तर तोही टाळावा. तुसाच्या कांड्याही मी करून पाहिल्या. पण तूस पाणी लवकर धरीत नाही, आणि त्याचे टोकदार कण मनीच्या पायांना रुचले नाहीत.

आता प्रत्यक्ष वापर. आम्ही भांड्यांच्या बाजारातून एक प्लॅस्टिकचे पसरट घमेले आणि त्यात बेतशीर बसणारी, चार-पाच मिलिमीटर छिद्रांची चौकोनी जाळी आणली. जाळीवर दोन बोटे जाडीचा कांड्यांचा थर. मांजराने लघवी केली की तेथील कांड्या मोडून भुसा होतो. जाळी हलविली की तो खाली पडतो आणि कोरड्या कांड्या वर राहतात. विष्ठा झाऱ्याने लगेच उचलावयाची. खालचा भुसा रोज काढावयाचा आणि आठवड्यातून एकदा सर्व रिकामे करून घमेले साबणाच्या गरम पाण्याने धुवून उन्हात वाळवावयाचे. आमच्या एकट्या मनीला महिन्याकाठी सुमारे सहा किलो माल पुरतो.

आरंभी मात्र मनीने निषेध नोंदविला. मी एकदम सर्व माती काढून कांड्या घातल्या, त्याच रात्री तिने माझ्या नव्या गोधडीवर आपले मत व्यक्त केले. अंजोऱ्याच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या एका तरुण डॉक्टरांनी हसून सांगितले, ‘‘आजी, तिचे पूर्वज वाळवंटाकडचे. तिला पायाखाली बारीक, मऊ, कोरडे हवे असते. एकाएकी खडूचे तुकडे घातल्यावर ती काय करणार?’’ मग मी मातीत मूठभर कांड्या मिसळून सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत प्रमाण पालटत नेले. मोडलेला थोडा भुसा मुद्दाम वर ठेवला. तिने पुन्हा कधी तक्रार केली नाही. ज्यांचे मांजर म्हातारे आहे किंवा ज्याच्या पंजाला जखम आहे, त्यांनी मात्र आग्रह धरू नये.

दुसरा धडा पावसाने दिला. आषाढात गच्चीच्या खोलीत ठेवलेले पोते उघडले, तो आत कांड्यांऐवजी भिजून फुगलेल्या भुशाचा एकच ढेपा! हवेतील दमटपणानेही हा माल बिघडतो. तेव्हापासून कांड्या पापड-कुरडयांप्रमाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहतात.

काढलेल्या भुशाचे काय करावे? विष्ठा कागदात नीट गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत द्यावी. उघडी टाकू नये, कारण तो कचरा कोणाच्या तरी हातांतून जाणार असतो. शौचकूपात भुसा टाकू नये, तो फुगून नळी अडवितो. लघवीचा भुसा आमच्या इमारतीच्या कुंपणाशी लावलेल्या कण्हेर-जास्वंदीच्या आळ्यात मातीखाली पुरतो. भाजीच्या वाफ्यात आणि तुळशीत मात्र कदापि नाही.

आता आपण विचाराल, मातीपेक्षा ह्यात गैरसोय नाही काय? आहे. मातीसारखा ह्याचा गोळा बनत नाही. लघवीतील युरियाचे जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते, त्या वासाला लाकडाचा वास काही काळ दडवितो. पण फार काळ नाही. एक दिवस घमेले साफ केले नाही की दुसऱ्या दिवशी ते सर्वांना ओरडून सांगते. पहिल्यांदा हा मला दोष वाटला. ‘हे’ मात्र म्हणाले, ‘‘हाच तर ह्याचा गुण. आपल्याला विसरू देत नाही.’’ त्यांचे म्हणणे खरे होते. सुगंधी मातीने आमचा आळस झाकला होता. ह्या साध्या भुशाने तो उघडा पाडला. बाळाला धोका शिळेपणाचा होता, आणि जे साधन शिळे राहू देत नाही तेच आम्हाला हवे होते. रोज पाहण्याचा आणखी एक लाभ झाला. खाली पडलेल्या भुशावरून मनीची लघवी कमी झाली की वाढली, हे लगेच कळते. आणि मांजराच्या मूत्राशयाचे व मूत्रपिंडाचे दुखणे प्रथम तेथेच दिसते. बोका लघवीसाठी वारंवार बसत असेल आणि भुसा कोरडाच राहत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता वैद्याकडे न्यावे.

‘ह्यांनी’ नऊ महिने ते काम केले. सकाळचा चहा होण्यापूर्वी हातमोजे घालून घमेले घेऊन निघालेले आमचे यजमान पाहून शेजारी हसत, आणि महाराष्ट्र मंडळातील हळदीकुंकवाला तो चर्चेचा विषय झाला. ते कोणाला काही सांगत नसत. सूनबाईंची रक्ततपासणी निर्दोष आली. विहीणबाई बाळंतपणासाठी पुन्हा आल्या, तेव्हा त्यांनी प्रथम घमेले पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता मनीपुढे दुधाची वाटी ठेवली. आमचा रुसवा तेथे संपला.

नात झाली. षष्ठीपूजनाच्या रात्री पाटावर दिवा लावला, तेव्हा मनी उंबऱ्याशी येऊन बसली. तिला हाकलावयास एक म्हातारी शेजारीण उठली. विहीणबाईच म्हणाल्या, ‘‘असू द्या हो. षष्ठीचे वाहन मांजरच ना?’’ पाळण्याजवळ मात्र आम्ही तिला एकटी जाऊ देत नाही. प्रेम निराळे आणि सावधपणा निराळा.

त्या रात्री सर्व निजल्यावर मी ‘ह्यांना’ खारूनच्या पल्याड सोडलेल्या मांजराची गोष्ट सांगितली. साठ वर्षांत प्रथमच. ते काही वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, ‘‘उद्या घमेले तू कर. मी शेजारी उभा राहतो.’’ तेव्हापासून आम्ही दोघे पाळीपाळीने करतो.

वाचकहो, आपल्या घरी मांजर असेल, तर माती वापरा, भुसा वापरा, कांड्या वापरा. जे आपल्या गावी शुद्ध आणि परवडणारे मिळेल ते वापरा. पण आज सकाळी ते घमेले कोणी रिकामे केले, एवढे घरात विचारा. उत्तर मिळाले नाही, तर मांजरावर रागावण्यापूर्वी स्वतः उठा.